विषाणूचा खरा चेहरा कोणता?

पावसाळा लागला की आमच्या वस्तीत घराघरांतून एक आवाज ऐकू येऊ लागतो. तान्ह्या बाळाच्या छातीतली घुरघुर. आधी नाक वाहते, मग खोकला लागतो, मग बाळ अंगावर प्यायचे सोडते. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. आपल्या आया-आज्या म्हणतात, ‘बाळाचं पोट उडतंय.’ कुणी छातीला तेल चोळते, कुणी गंडा बांधते. काही भागांत तर तापल्या लोखंडाने बाळाच्या पोटावर डागण्या देण्याची अघोरी रीत अजूनही पुरती सुटलेली नाही.

अशाच एका बाळाची आई, बाळ दवाखान्यातून घरी आल्यावर, आम्हांला म्हणाली, “दादा, सुई मांडीत टोचतात आणि रोग असतो छातीत. मग अंगाला कसं कळतं की हा शत्रू आहे म्हणून? आणि पोलिओला लस आहे, गोवराला आहे, मग या छातीच्या दुखण्याला इतकी वर्षं का नव्हती?”

बाई चौथी शिकलेली. पण तिने विचारलेले दोन्ही प्रश्न असे आहेत, की त्यांच्या उत्तरासाठी मोठमोठ्या शास्त्रज्ञांची पन्नास वर्षे खर्ची पडली. म्हणून या वेळचे सदर आम्ही तिच्या प्रश्नांसाठी देत आहोत.

पहिला प्रश्न आधी घेऊ. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या ‘बी’ नावाच्या पेशी प्रतिपिंडे तयार करतात. डॉक्टर त्यांना अँटिबॉडी म्हणतात. प्रतिपिंडाचा आकार गलोलीच्या बेचकीसारखा असतो. बेचकीच्या दोन्ही टोकांना एक-एक खोबण असते आणि ही खोबणच शत्रूला पकडते. एक बी पेशी एकाच नमुन्याची खोबण घडवते. पण आपल्या अंगात अशा कोट्यवधी पेशी आहेत आणि त्यांचे नमुने वेगवेगळे आहेत. इतके नमुने येतात कुठून? पत्ते पिसावेत तसे शरीर जनुकांचे तुकडे पिसून जोडते आणि दर वेळी नवा डाव मांडते. हे कोडे उलगडणारे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे पाहा, शत्रू दारात येण्याआधीच त्याला पकडू शकेल असा एखादा नमुना आपल्या अंगात तयार असतो. विषाणू आला की त्याला ज्या पेशीची खोबण बसते, ती पेशी वाढू लागते. एकीच्या हजारो होतात. गळ्यातल्या, काखेतल्या गाठी सुजतात ना, तिथे हे काम चालते. त्या गाठींत खोबण आणखी घासूनपुसून नेमकी केली जाते. काम झाल्यावर काही पेशी आठवण धरून मागे राहतात. लस याच आठवणीसाठी असते. रोग न होता रोगाची ओळख पटवायची, एवढेच तिचे काम. प्रतिपिंडे रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात, म्हणून सुई मांडीत टोचली तरी पहारा छातीतही बसतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रतिपिंडाला विषाणूचे नाव कळत नाही, गाव कळत नाही. दिवे गेल्यावर आपण मांडणीवरचे भांडे हाताने चाचपून ओळखतो, तसे ते विषाणूच्या अंगावरचा एखादा लहानसा उंचवटा, एखादा खळगा चाचपून ओळखते. आकार जुळला तर धरते, नाही जुळला तर सोडून देते.

शिवाय, धरण्याधरण्यातही फरक आहे. चोराच्या सदऱ्याचे टोक धरले तर सदरा टाकून चोर पळतो. त्याचा चाकूचा हात धरला तर चोरी थांबते. विषाणूचेही तसेच. भलत्याच जागी चिकटलेली प्रतिपिंडे पुष्कळ असली तरी उपयोगाची नसतात, आणि कधीकधी नुकसानही करतात. हे शहाणपण शास्त्राला फार महागात पडले. आता त्या बाईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

तान्ह्या बाळांची छाती भरून आणणाऱ्या विषाणूंत सर्वांत मोठा वाटा ज्याचा आहे, त्याचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. थोडक्यात आर.एस.व्ही. १९५६ साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझी माकडांत तो प्रथम सापडला. पुढे रॉबर्ट चॅनॉक या शास्त्रज्ञाने तोच विषाणू आजारी बाळांतही दाखवून दिला. लस करण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. पोलिओची साल्क यांची लस फॉर्मालिनने विषाणू मारून केली होती आणि ती यशस्वी ठरली होती. तीच रीत इथे वापरली.

१९६६ साली ही लस अमेरिकेत बाळांना टोचली. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आली. सगळ्यांना वाटले, काम फत्ते झाले. पुढे थंडीत साथ आली. वॉशिंग्टन शहरातील एका गटात लस घेतलेल्या २० बाळांना विषाणूची लागण झाली आणि त्यांतल्या १६ बाळांना इस्पितळात न्यावे लागले. ही लस न घेतलेल्या मुलांत लागण झालेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच जणांवर ती पाळी आली होती. लस घेतलेली दोन बाळे दगावली. दोघेही दीड वर्षाचे नव्हते.

ही हकीकत आम्ही लपवत नाही. लशीविषयी शंका घेणाऱ्या आईला ‘गप्प बस, तुला काय कळते’ असे म्हणणे आम्हांला मान्य नाही. चूक झाली होती. पण शास्त्रज्ञांनी ती चूक कागदावर उघडपणे मांडली, ती लस तिथेच थांबवली, आणि चूक का झाली याचा शोध सोडला नाही. त्या शोधाला चार दशकांहून जास्त काळ लागला.

चूक काय होती? आपल्या घरात उंदराचा स्प्रिंगचा सापळा असतो. ताणून ठेवला की त्याचे रूप एक असते. चाप सुटला की रूप पार बदलते. आर.एस.व्ही.च्या अंगावर ‘एफ’ नावाचे प्रथिन असते, ते या सापळ्यासारखे आहे. ताणलेले असताना ते कळीसारखे आखूड, गोलसर असते. पेशीला भिडले की चाप सुटतो, ते भाल्यासारखे लांब होते आणि विषाणूला पेशीशी जोडून टाकते. एकदा सुटलेला चाप पुन्हा ताणता येत नाही. आणि हा चाप इतका नाजूक, की नुसत्या हाताळण्यानेही सुटतो.

फॉर्मालिनच्या लशीतले सापळे बहुतेक सुटलेले होते. बाळांच्या शरीराने सुटलेल्या सापळ्याची ओळख करून घेतली. खरा विषाणू आला तो ताणलेला सापळा घेऊन. प्रतिपिंडे त्याला चिकटली, पण रोखू शकली नाहीत. उलट विषाणू आणि प्रतिपिंडे यांचे गोळे फुप्फुसात साचले, आणि शरीराने चुकीच्या दिशेने प्रतिकार करून सूज वाढवली. सदऱ्याचे टोक धरले आणि चोर घरात शिरला, तो असा.

ताणलेल्या सापळ्याचे रूप कुणीच पाहिले नव्हते. पाहायला जावे तर तो सुटायचा. मग ते दिसले कसे? ते दाखवले प्रतिपिंडानेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन नावाचा तरुण शास्त्रज्ञ २००८ साली एड्सच्या विषाणूवर काम करायला आला. पीटर क्वाँग यांच्या प्रयोगशाळेत बसायला जागा नव्हती, म्हणून त्याला दुसऱ्या मजल्यावर बसवले. तिथे बार्नी ग्रॅहम हे डॉक्टर कितीतरी वर्षे आर.एस.व्ही.चा पिच्छा पुरवत होते. शेजाराने ओळख झाली आणि ओळखीतून काम उभे राहिले. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तातील पेशींपासून ‘डी-२५’ नावाचे प्रतिपिंड वेगळे केले होते. चीनमधील शियामेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडेही तसेच एक प्रतिपिंड होते. ही प्रतिपिंडे विषाणूला जबरदस्त रोखत, पण सुटलेल्या सापळ्याला मुळीच चिकटत नसत. याचा अर्थ उघड होता. ती ताणलेल्या सापळ्यालाच ओळखत होती!

मग त्यांनी डी-२५ला एफ प्रथिन पकडून ठेवायला लावले. त्या जोडीचे स्फटिक केले, त्यावर क्ष-किरण सोडले आणि मे २०१३ मध्ये विषाणूचा खरा चेहरा जगापुढे आला. प्रतिपिंड कळीच्या अगदी शेंड्यावर बसलेले दिसले. चाप सुटला की शेंड्यावरची ती जागाच नाहीशी होते. १९६६ च्या लशीत बाळांना नेमकी हीच जागा पाहायला मिळाली नव्हती.

पुढचे काम शिंप्याचे होते. कपडा उसवू नये म्हणून शिंपी मोक्याच्या जागी टाका घालतो. शास्त्रज्ञांनी एफ प्रथिनात दोन ठिकाणचे घटक बदलून एक रासायनिक टाका घातला, आतली पोकळी भरून काढली आणि चाप सुटणारच नाही अशी सोय केली. हे काम नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ साली माणसांवरच्या पहिल्या चाचणीत या टाका घातलेल्या प्रथिनाने विषाणू रोखण्याची रक्ताची ताकद दहापटीने वाढवली.

यातून २०२३ साली लशी आल्या. त्यांतली एक गरोदर मातेला देतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. म्हणजे बाळ जन्माला येते तेच आईने दिलेली शिदोरी घेऊन. १८ देशांतील सात हजारांवर मातांच्या चाचणीत असे दिसले, की जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत या लशीने गंभीर आजार शंभरी सुमारे ८२ने कमी केला, आणि सहा महिन्यांपर्यंत सुमारे ६९ने. आणखी एक गोष्ट पाहा. ज्या डी-२५ने वाट दाखवली, त्यालाच सुधारून ‘निर्सेव्हिमॅब’ नावाचे औषध झाले. त्याची एक सुई बाळाला दिली की सुमारे पाच महिने पहारा राहतो.

हीच युक्ती आणखी एका कामी आली. मॅक्लेलन, ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना जातीच्या विषाणूच्या काट्यालाही असाच टाका घातला होता, आणि तोही कोविडच्या साथीआधी. २०२० मध्ये फायझर व मॉडर्ना यांच्या लशींत तो वापरला गेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्समध्येही तो आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेल्या कोविशिल्डमध्ये मात्र हा टाका नव्हता. तरी तिनेही असंख्य जीव वाचवले. विषाणूगणिक न्याय वेगळा असतो, तो असा.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणे आर.एस.व्ही.मुळे जगात पाच वर्षांखालील एक लाखाच्या वर मुले गेली. शंभरातले ९५हून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून काही वर्षे आदिवासी गावांत पाहणी केली. दवाखान्यापर्यंत न पोचता घरीच दगावलेल्या बाळांच्या नाकातले नमुनेही त्यांनी तपासले. त्यांतल्या काहींत हा विषाणू सापडला. ज्यांना लोक ‘पोट उडून गेलं’ म्हणत होते, त्या बाळांच्या मरणाचे कारण असे कागदावर आले.

लस मात्र आधी पोचली श्रीमंत देशांतल्या बाळांपर्यंत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना शिफारस केली, की मातेची लस किंवा बाळाला द्यायचे प्रतिपिंड आपल्या कार्यक्रमात घ्यावे. शिफारस कागदावर राहू नये, हे पाहणे आपले काम आहे. न्यूमोनियाची पीसीव्ही लस एके काळी खाजगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून घ्यावी लागे. २०१७ पासून ती टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०२१ मध्ये देशभर फुकट मिळू लागली. तसे याही लशीचे होऊ शकते. आरोग्य केंद्रात गेल्यावर आशाताईंना, डॉक्टरांना विचारा. महिला मंडळाच्या बैठकीत विषय काढा. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तोवर मायबहिणींनो, एवढे करा. बाळाला अंगावर पाजा. सर्दी-खोकला असलेल्याने हात धुतल्याशिवाय तान्ह्याला घेऊ नये, मुका घेऊ नये. चुलीचा आणि विडीचा धूर बाळापासून दूर ठेवा. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, बाळ प्यायचे थांबले किंवा ओठ निळे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. थेट दवाखाना गाठा. डागणी, गंडा, दोरा यांत गेलेला एक तास परत मिळत नाही.

त्या बाईला आम्ही हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग मांडीवरच्या बाळाकडे पाहत म्हणाली, “म्हणजे त्या दोन लेकरांमुळं शहाणपण आलं म्हणायचं. त्यांच्या आयांना कुणी सांगितलं असेल का हो?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.