मीठ पाहणारं माणूस

रमजानच्या महिन्यात आमच्या घरात सर्वांत मानाचं पद असतं ते मीठ पाहणाऱ्याचं. संध्याकाळी साडेपाचला गॅसवर चण्याची उसळ रटरटत असते, भज्यांचं पीठ कालवून झालेलं असतं आणि स्वयंपाक करणारीच्या जिभेला पहाटेपासून पाण्याचा थेंब लागलेला नसतो. मीठ पडलं की नाही, हे तिला हाताच्या अंदाजावरच ठरवावं लागतं. गरजेपुरती जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकली तर रोजा मोडत नाही, असं जाणकार सांगतात. पण माझ्या अम्मीला ही सवलत कधी पटली नाही आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या मलाही ती घ्यायचा धीर होत नाही. म्हणून घरात रोजा नसलेलं एक माणूस लागतं.

गेली तीन वर्षं हे पद आमच्या थोरलीकडे होतं. यंदा ती नऊ वर्षांची झाली आणि ‘मी पण रोजा धरणार’ म्हणून हटून बसली. सगळे नाही, फक्त रविवारचे, असा शेवटी तह झाला. त्यामुळे रविवारपुरती जबाबदारी धाकट्यावर आली. हा पाच वर्षांचा अधिकारी चमचा चाटतो आणि काहीही असलं तरी ‘बराबर है’ म्हणून खेळायला पळतो. पहिल्या रविवारी उसळीत मीठच नव्हतं. थोरली पहिला घास घेऊन माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग दोघींनीही काही न बोलता उसळ संपवली, कारण तो आमच्या शेजारीच फुशारून बसला होता.

माझ्या लहानपणी हे काम भिंतीपलीकडे होतं.

दोंडाईच्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती आणि पलीकडे मोठीमाय राहायची. तिचे यजमान रेल्वेत होते. अम्मी तिला ‘बाई’ म्हणायची, आम्ही मुलं मोठीमाय. रमजानभर रोज सायंकाळी अम्मी एका छोट्या वाटीत भाजी नाहीतर कालवलेलं पीठ घालून माझ्या हाती द्यायची, मी ती भिंतीवरून पुढे करायचे. मोठीमाय बोट बुडवून चाखायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि निकाल द्यायची, ‘जराखं कमी शे.’ मग चिमूटभर मीठ पडायचं. वाटी परत जायची नाही, ती तिच्याकडेच राहायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरचं काहीतरी घालून यायची.

एकादशीला मात्र तिचाही उपवास. दोन्ही पंचांगांचे महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे कोणत्याही वर्षी एक एकादशी नवव्या-दहाव्या रोज्याच्या आसपास येते, दुसरी चोविसाव्या-पंचविसाव्याच्या. त्या दोन दिवशी आमचं मीठ रामभरोसे, असं अब्बा म्हणत आणि मोठीमाय भिंतीपलीकडून हसायची.

फरक एवढाच की आमचा महिना ऋतूंमधून फिरतो. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. हिंदू पंचांगात हाच फरक दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढतात, यंदाही अधिक ज्येष्ठ आहे. आपल्याकडे त्याला धोंडा महिना म्हणतात. अब्बांनी एकदा हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा मोठीमायने एका वाक्यात उरकलं होतं, ‘तुमना महिना हिंडस, आमना महिनाले धोंडा बांधेल शे.’ वर्गात मी पंचांगावर कधी बोलले तर याहून नेमकं मला काही सांगता येत नाही.

हा हिंडणारा महिना ३३ वर्षांत पूर्ण फेरी मारून त्याच ऋतूत येतो. त्या ३३ वर्षांत ३४ रमजान होतात. यंदाचा रमजान फेब्रुवारीत, मिरचीच्या हंगामात सुरू झाला, आणि मी दहा वर्षांची असताना, १९९३ सालीही तो नेमका असाच आला होता. तीच पहाटेची थंडी, दुपारचं तेच चढतं ऊन, मधोमध होळी आणि शेवटी पाडव्याला चिकटून ईद. माझं बालपण एक फेरी मारून पुन्हा दारात उभं आहे, असं महिनाभर वाटत राहिलं.

मिरचीचा हंगाम म्हणजे काय, हे दोंडाईचा-नंदुरबारकडच्या माणसाला सांगायला नको. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली, देठ खुडणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या, वारा फिरला की गावभर ठसका. अब्बा मापाडी होते. दिवसभर मिरचीची पोती तोलून घरी यायचे तेव्हा त्यांच्या आधी त्यांची शिंक घरात यायची. त्यांचा शर्ट अंगणातच झटकला जायचा. ठसका लागला आणि रोजा आहे म्हणून पाणी प्यायचं नाही, हे काय असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. पहाटे सहेरीला ते दादरची भाकर दुधात कुस्करून खायचे. तिखटाला दादीची बंदी होती. ‘सुबह की मिर्ची दोपहर को पानी माँगती है’ हा तिचा कायदा.

मला आठवतात ते रमजान म्हणजे अशा बारीकसारीक गोष्टी. चार वाजता स्टोव्हचा आवाज. झोपेतच कुणीतरी तोंडात कोंबलेला भाकरीचा घास. दुपारपर्यंत ‘एका दाढेचा रोजा’. लहान मुलांनी एकाच बाजूच्या दाढेने खाल्लं की दुसऱ्या बाजूचा रोजा शाबूत, अशी आमच्या घरची सोय होती. मी कितीतरी वर्षं मनापासून डाव्या दाढेचे रोजे केले. शाळेत डबा खाताना डावीकडे घास गेला तर हळहळायचे. मुलाला मोठ्यांच्या खेळात घ्यायचं, पण उपाशी ठेवायचं नाही, हे ज्या कुणा आजीने शोधून काढलं तिला बालमानसशास्त्राची पदवी द्यायला हवी.

पुरा दिवसाचा पहिला रोजा मी १९९३ साली धरला, होळीच्या दिवशी. शाळेला सुट्टी होती म्हणून अम्मीने परवानगी दिली. दुपारी तीननंतर माझे पाय लटपटायला लागले. मी मागच्या अंगणात सावलीला बसले होते, तेवढ्यात मोठीमाय आली आणि तिने माझ्या गळ्यात साखरेचं हार-कंगण घातलं. होळीला आपल्याकडे सगळ्या पोरांना मिळतं तेच. पहिल्या रोज्याला हार घालतात हे तिला ठाऊक होतं, फुलांचा कुठून आणायचा, म्हणून हा. आता विचार करा, दहा वर्षांची मुलगी, पहाटेपासून पोटात काही नाही, आणि गळ्यात साखर! सूर्य मावळेपर्यंत मी ती माळ दोन्ही हातांनी धरून बसले. एक पदक घामाने विरघळून बोटाला चिकटलं. ते बोट मी चाटलं की नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. मोठीमायने पाहिलं होतं. ती म्हणाली, ‘भुलीसन चाटं व्हई.’ विसरून काही पोटात गेलं तर रोजा मोडत नाही, हे ती इतक्या वर्षांत दादीकडून ऐकून होती.

चार दिवसांनी, १२ मार्चला, शुक्रवारी, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. डिसेंबरमध्ये अयोध्येत जे घडलं आणि त्यानंतर मुंबईत जे झालं, तेव्हापासून आमच्या घरात मोठी माणसं आधीच हळू आवाजात बोलत होती. त्या संध्याकाळी रेडिओ लावून ठेवला होता आणि इफ्तारला कुणीच बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला अम्मीने वाटी भरली. अब्बा म्हणाले, ‘आज रहने दो.’ त्यांना भीती वाटत होती असं नाही. मोठीमायला आज आपल्या घरचं चाखणं जड जात असेल तर तिच्यावर नाही म्हणायची वेळ कशाला आणायची, असा त्यांचा विचार होता. हे मला फार नंतर समजलं. वाटी ओट्यावर राहिली. मी भिंतीकडे जायची नाही, असं न सांगताही कळलं.

मावळतीला थोडा वेळ उरला असताना पलीकडून आवाज आला, ‘आज वाटी काबरं नही धाडी वं?’

अम्मीने वाटी उचलली आणि त्या दिवशी स्वतः नेली. दोघी भिंतीशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर तिने डोळे पुसले आणि मीठ घातलं. बस, एवढंच झालं. आमच्या घरात नंतर त्यावर कधी चर्चाही झाली नाही. पण १९९३चं नाव निघालं की लोक ज्या गोष्टी सांगतात, त्यांच्या आधी मला ही वाटी दिसते.

आता थोडं आजचं. रमजानच्या दिवसांत वर्तमानपत्रांत, याच पानावरसुद्धा, पाच-सहा वर्षांच्या चिमुकल्यांनी पहिला रोजा पूर्ण केल्याच्या बातम्या फोटोसह येतात. नवे कपडे, गळ्यात हार, बाजूला आई-वडील. मुलांचं कौतुक व्हायला माझी हरकत कशी असेल? पण फोटो छापून यावा म्हणून पाच वर्षांचं पोर पावणेतेरा तास पाण्यावाचून राहत असेल, तर चूक आपली आहे. वयात येईपर्यंत मुलांवर रोजा बंधनकारक नाही. आजारी आणि प्रवासी माणसाला तर कुरआनच्या दुसऱ्याच सूरेत सवलत दिली आहे. मोठ्यांना जिथे सूट आहे, तिथे लहानांची स्पर्धा कशाला? माझ्या मुलीनेही पहिल्या रोज्यानंतर विचारलंच, ‘अम्मी, मेरा फोटो नहीं भेजोगी?’ तिच्या मैत्रिणीचा आला होता. मी नाही म्हटलं. ती दोन दिवस रुसली. बरोबर केलं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

दुसऱ्या रविवारी ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा तिची हनुवटी ओली होती आणि चेहरा जरा जास्तच निरागस. माझ्यातली प्राध्यापिका प्रश्न विचारायला तोंड उघडणार होती. मग ते साखरेचं बोट आठवलं. मी विचारलं, ‘भूल से?’ तिने मान हलवली. ‘तो फिर रोजा है,’ म्हटलं.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये अळणी भाजीची एक रात्र आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, त्यांचं पाहून मुलंही. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याआधी ते आपल्याच रेल्वेमार्गावरच्या अमळनेरला शिक्षक होते. त्याच साली प्रेमचंदांची ‘ईदगाह’ प्रसिद्ध झाली. त्यातला हमीद ईदच्या जत्रेत मिठाई न खाता, खेळणं न घेता आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा विकत घेतो. मी मराठी शिकवते, घरी उर्दू बोलते, त्यामुळे ही दोन पुस्तकं माझ्या डोक्यात एकाच फळीवर असतात. एकात मोठी माणसं लहानांसमोर गप्प राहतात, दुसऱ्यात लहान मूल गप्प राहून आजीचा विचार करतं. वर्गात मी या दोन्हींवर तासभर बोलू शकते. पण धाकट्याची ‘बराबर है’ उसळ खाताना मला आईपेक्षा श्यामच्या वडिलांची बाजू जास्त समजली.

जुनं घर आम्ही केव्हाच सोडलं. मोठीमाय आता नाही, तिची मुलं नाशिकला असतात. आम्ही राहतो त्या कॉलनीत शेजारी चांगले आहेत, सहेरीला एकमेकांना हाका मारतात, पण सगळे रोजेदार. मीठ पाहायला कुणाला बोलवायचं? नव्या वस्त्या अशाच झाल्या आहेत, आमच्याही आणि तुमच्याही. भिंती उंच झाल्या म्हणून आपण तक्रार करतो, पण घर घेताना पलीकडे कोण आहे हे आपणच आधी विचारतो. मीही विचारलं होतं. मुलांच्या सोयीचं म्हणून. माझ्या मुलीला कानडी जेवण मोबाईलवर माहीत आहे, पण एकादशीला शेजारच्या घरात काय शिजतं ते तिने कधी पाहिलेलं नाही, आणि तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलींना सहेरी म्हणजे काय ते ठाऊक नाही.

गेल्या रविवारी तिची वर्गमैत्रीण प्रकल्पाची वही घेऊन आली. दोघी पुढच्या खोलीत कागद कातरत बसल्या होत्या. साडेपाच वाजले. धाकटा चमचा घेऊन हजर होता. थोरली आत आली, कढईकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन मैत्रिणीला हाताला धरून घेऊन आली. ‘तुझा रोजा नाही ना? मग चाख.’

ती पोरगी बिचकली. माझ्याकडे पाहू लागली. मी वाटीत थोडी उसळ काढून तिच्या हाती दिली. तिने फुंकर घातली, एक चणा खाल्ला, मग दुसरा.

‘काकू, मीठ थोडं कमी आहे,’ ती म्हणाली. ‘आणि लिंबू आहे का?’