रीलमधला शिधा आणि पानिपतची उपासमार

१/ सध्या ‘मावळ्यांचा शिधा घरी करून पाहा’ अशा चित्रफितींना ऊत आला आहे. मातीची चूल, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, वर लोण्याचा गोळा आणि मागे पोवाडा. माझा आक्षेप स्वयंपाकाला नाही. त्या ताटातून जे वगळले जाते, त्याला आहे.

२/ आधी ताट तपासू. भुईमूग, बटाटा, टोमॅटो ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. दख्खनच्या शेतांत ती रुळली एकोणिसाव्या शतकात. मिरचीही तिकडचीच, परंतु पोर्तुगिजांमुळे ती बरीच आधी आली. शेंगदाण्याची चटणी मात्र मावळ्याच्या ताटातून उचलावीच लागेल. मराठवाड्याच्या माणसाला हे लिहिणे जड जाते, पण इलाज नाही.

३/ ही चूक किरकोळ म्हणू. मोठी चूक ‘शिधा’ शब्दाच्या समजुतीत आहे. अठराव्या शतकातील मराठी फौजेत सामान्य शिपाई बहुधा आपल्या पगारातून, तोही अनेकदा थकलेला, लष्करासोबत चालणाऱ्या बाजारात धान्य विकत घेई. बाजारात धान्य आले नाही, तर कमरेला पैसा असूनही तो उपाशी.

४/ मग बाजारात धान्य आणी कोण? प्रामुख्याने बंजारे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत १४,००० बैलांचा तांडा भेटला. सगळे बैल धान्याने लादलेले. मोगल असोत वा मराठे, दख्खनच्या मोहिमा याच पाठींवर चालल्या.

५/ नांदेड-लातूरकडे आजही गावोगावी तांडे आहेत. ज्यांच्या बैलांनी फौजा जगवल्या, तो समाज आज महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातींमध्ये आहे. चित्रफितीत घोडा असतो, तलवार असते. लदनीचा बैल कधी पाहिला आहे का?

६/ दुसरा गैरहजर माणूस म्हणजे रयत. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवरायांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र वाचा. साठवलेले धान्य-वैरण बेहिशेब उडवाल, तर पुढे शिपाई कुणब्याच्या घरातून दाणे, भाकर, गवत, भाजी उचलतील आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. शिध्याचा प्रश्न हा राज्याच्या नैतिकतेचा प्रश्न आहे, हे स्वतः छत्रपती सांगत होते.

७/ आता आमच्या परिसराकडे या. देगलूरहून पन्नासेक किलोमीटरवर उदगीर. फेब्रुवारी १७६० मध्ये तिथे सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले. उदगीरच्या विजयाची आठवण आपण अभिमानाने काढतो. त्या विजेत्यांपैकी कित्येकांचे पुढच्या संक्रांतीला काय झाले?

८/ पानिपतावर रसद तुटली. शत्रूची रसद मारण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. छावणीत लढवय्यांखेरीज बुणगे, बायका, यात्रेकरू असे हजारो जीव. काशीराजाच्या बखरीनुसार, दोन दिवस अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे लोक भाऊंना सांगू लागले. १४ जानेवारी १७६१ रोजी ते रणात उतरले.

९/ मीही घरी प्रयोग केला. ज्वारी जात्यावर दळायला बसलो; थोड्याच वेळात हाताला फोड आले. आजी बघत होती. म्हणाली, “फौजेत दळणारी कोण होती रे? ते लिहिलंय का कुठं?” पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

१०/ कोणी म्हणेल, ‘यानिमित्ताने मुले इतिहासाकडे वळतात, कशाला खोड काढता?’ वळतात, हे मान्य. पण भूक वगळलेला इतिहास त्यांना एवढेच शिकवतो की लढाया केवळ शौर्याने जिंकल्या जातात आणि केवळ फितुरीने हरल्या जातात. या समजुतीत कुणबी, बंजारा आणि दळणारी बाई यांना जागा उरत नाही.

११/ म्हणून शिधा जरूर करा. ज्वारी स्वतः दळा. लोणी वगळा. एखादी वेळ नुसत्या फुटाण्यांवर काढा. आणि चित्रफितीखाली तीन ओळी लिहा: हे धान्य कोणी पिकवले, कोणी वाहिले, कोणी दळले. तेवढे लिहिता आले नाही, तर ती भाकरी चवदार असेल, इतिहास नसेल.