यमकासाठी खोटे लिहू नये

आमच्या वर्गाला कवितेचे फार वेड आहे. इथे दर वेळी पाच-सहा तरी कविता असतात. कवितेला यमक पाहिजे हे मला मान्य आहे. ओळींच्या शेवटी सारखा आवाज आला की कविता लवकर पाठ होते. पण यमक जुळावे म्हणून काहीही लिहायचे, हे मला पटत नाही.

आता बघा. आमच्या गावात एकसुद्धा माड नाही. पण कवितेत झाड आले की खाली माड येतोच. मोर आला की चोर येतो. उन्हाळ्यात नदी कोरडी होती, आम्ही तिच्यात विटीदांडू खेळलो. आणि कवितेत नदीला भरपूर पाणी! का, तर वरच्या ओळीत गाणी होती. ज्यांच्या आया डोक्यावरून हंडे आणतात, त्या पण ही भिंत वाचतात. त्यांना काय वाटत असेल?

यमक शोधायची माझी रीत सोपी आहे. शब्दाची शेपटी धरून ठेवायची आणि डोके बदलायचे. 'ऊस' घेतला की पाऊस, कापूस, माणूस मिळतात. सगळे आपल्या रानातलेच. 'आला, गेला, झाला' हे मात्र मला फुकटचे यमक वाटते.

आणि शब्द नाहीच सापडला तर? तर खरी गोष्ट बदलायची नाही, ओळ फिरवायची. 'टँकर'ला जोडी मिळेना तेव्हा एक जण म्हणाला, शंकर घाल. अरे, शंकर कशाला टँकर घेऊन येईल? मी लिहिले, 'टँकर थांबला पाराशी, हंडा आला दाराशी.' तो पाराशीच थांबतो, कोणालाही विचारा.

सगळ्याच ओळी जुळल्या पाहिजेत असेही नाही. आमचे आजोबा भजनाला जातात. त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवले. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. त्यात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो. पहिला आणि चौथा मोकळा. तरी लोकांना शेकडो वर्षे पाठ आहेत.

आणखी एक. 'कोण'ला 'दोन' जुळत नाही म्हणून मुले खोडतात. पण घरी आपण 'कोन' म्हणतो, मग लगेच जुळते की! जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या घरच्या बोलीतच गाणी रचायच्या. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. पुढे ती शाळेच्या पुस्तकांतही आली. मग आमचे कोन-दोन भिंतीवर का चालू नये? शुद्धलेखनाच्या वहीत मी 'कोण'च लिहीन.

माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. आता पीठ गिरणीतून येते, जातं कोपऱ्यात पडलंय, पण ती शेंगा फोडताना म्हणते. तिच्या ओवीत माहेरच्या वाटेवर ओढा येतो. तो ओढा तिथं खरंच आहे, मी पाहिलाय. तुमच्या घरी कोणी ओव्या म्हणत असेल तर जशा म्हणतात तशाच उतरवून आणा. पुढच्या भित्तिपत्रकाचा खालचा कोपरा मी गुरुजींना विचारून मोकळा ठेवलाय.