मैत्रिणीचे लेकरू, दवाखान्याचा खर्च

गुरुकुंज मोझरीच्या परिसरात सोयाबीनची सोंगणी संपत नाही तोच कापसाची वेचणी येते. सकाळीच मजुरीला निघालेली मैत्रीण आपले लेकरू आपल्या ओट्यावर सोडून जाते. आज तिचे, उद्या आपले. याचा मोबदला कोणी मागत नाही. पण दुपारी लेकराला ताप भरला, ऑटो करून तिवशाला न्यावे लागले, औषध घ्यावे लागले, तर तो खर्च कुणी करायचा?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे: तो खर्च आईबापाचा. सांभाळणारीही मजूरच आहे. तिने आपला दिवस दिला, वर पदरचे पैसे का घालावेत? संकोचाने ती मागत नाही, मैत्रीण विसरते, आणि पुढच्या हंगामात ते दार बंद होते. मग एका आईची मजुरी बुडते.

म्हणून भगिनींनो, लेकरू सोडताना डबीत थोडे पैसे, दवाखान्याची चिठ्ठी आणि फोन नंबर ठेवा. झालेला खर्च त्याच संध्याकाळी चुकता करा. लेकराने काही फोडले तर भरून द्या. चहा-बिस्किटाचा हिशेब मात्र कोणीच धरू नये. आणि पैशासाठी उपचार थांबवू नका. प्रसंग गंभीर असेल तर २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गरजेच्या वेळी मागितल्याच्या दुप्पट देणाऱ्याला खरा मित्र म्हटले आहे. अशी मैत्रीण लाभली, तर तिला न मागता परत देणे हाच आपला धम्म.

जय भीम!