भिंतीवरच्या अव्वा

माझ्या सासूबाई धारवाडकडच्या. घरात सगळेच त्यांना अव्वा म्हणायचे. कॅमेरा दिसला की डोक्यावरचा पदर ओढून आत पळायच्या. त्यामुळे त्या गेल्यावर भिंतीवर लावायला हसरा फोटो शोधला तर एकच सापडला. २००५ साली मेहुण्याच्या लग्नात काढलेला, पंधरा जणांच्या घोळक्यातला.

तो मोबाइलवर होता. त्यातून अव्वांचा चेहरा तेवढा कापून मी स्टुडिओत दिला. म्हटलं, १२ बाय १५ इंच करा. दोन दिवसांनी फ्रेम आली. चेहरा अगदी नितळ, पण हनुवटीवरचं गोंदण गायब! मेहुणी बघताच म्हणाली, "इकी नम्मव्व अल्ल."

मग मी हिशेब मांडला, जो आधीच मांडायला हवा होता. फोटो म्हणजे बारीक ठिपके, पिक्सेल. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० ठिपके उत्तम, २०० लाही काम भागतं. भिंतीवर दुरून बघायचा असेल तर १५० पुरतात. इंचाला २०० धरले तर १२ बाय १८ च्या फोटोला २४०० गुणिले ३६००, म्हणजे सुमारे साडेआठ मेगापिक्सेल लागतात. आजच्या मोबाइलचे १२ त्याला भरपूर झाले. फक्त बोटांनी झूम ताणू नका, आणि हात हलला तर कितीही मेगापिक्सेल असोत, फोटो पुसटच येणार.

लग्नातला कॅमेरा होता ३ मेगापिक्सेलचा. अख्खा फोटो २०४८ बाय १५३६. त्यात अव्वांच्या वाट्याला जेमतेम ४०० बाय ५००. ते १५ इंच उंचीवर पसरले की इंचाला ३३ ठिपके! उरलेले सॉफ्टवेअरने आपल्या मनाने भरले. गोंदण त्याला डाग वाटला असावा. त्यात माझ्याकडची प्रत व्हॉट्सअॅपवरून आलेली. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मूळ सीडी मेहुण्याच्या कपाटात निघाली, आणि नशिबाने चाललीही. पण अव्वांचे ठिपके थोडेच वाढणार होते? शेवटी बायको म्हणाली, "कापताय कशाला? सगळाच लावू या की."

अख्खा फोटो १२ बाय ९ इंचात छापला. इंचाला १७० ठिपके, झकास आला. दुसऱ्या ओळीत, हातात अक्षतांचं ताट घेऊन अव्वा कुणाच्या तरी बोलण्यावर हसताहेत. चेहरा जेमतेम इंचभर. मेहुणीने काचेवर बोट ठेवून हनुवटीवरचा हिरवट ठिपका शोधला आणि म्हणाली, "इल्लि ऐति नोडु."