मुळांना चढलेला ताप

मार्च संपत आला की घरात मातीविना बाग करणाऱ्यांची एक तक्रार हमखास सुरू होते. नोव्हेंबरात लावलेले लेट्यूस थंडीत टरारून आले होते. आता तेच बी, तेच द्रावण आणि तोच दिवा असूनही रोपे दुपारी माना टाकतात. मुळे तर चोवीस तास पाण्यात असतात! पाण्यात उभे राहून रोप सुकते हे पाहून माणूस गोंधळतो आणि पहिला संशय घेतो तो खताचा. पोषकद्रव्याची आणखी दोन बुचे टाकीत पडतात. दोन दिवसांनी पाने कडेने करपतात. मग कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवतो, कोणी बुरशीनाशक. या धावपळीत टाकीत तापमापक बुडवून पाहण्याचे बहुधा कोणालाच सुचत नाही.

ताप न मोजताच औषध बदलत राहण्याचा हा प्रकार दवाखान्यांना चांगलाच परिचयाचा आहे. साध्या सर्दीवर ज्या घरात प्रतिजैविक मागितले जाते, त्याच घरातल्या टाकीत पेरॉक्साइड ओतले गेले तर नवल नाही. फरक इतकाच, की इथे औषध पाण्यात जाते आणि त्या पाण्यावर वाढलेली पाने कच्चीच ताटात येतात. म्हणून हा प्रश्न केवळ बागकामाचा राहत नाही.

मुळे श्वास घेतात, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. मातीत त्यांना कणांमधल्या पोकळीतली हवा मिळते. टाकीत सारी भिस्त पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. आणि पाणी तापते तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण याच दहा अंशांत मुळांची आणि पाण्यातल्या जिवाणूंची प्राणवायूची गरज साधारण दुपटीच्या घरात जाते. उत्पन्न घटावे आणि खाणारी तोंडे वाढावीत, तशी ही गत. शिवाय वरचे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. निवांत साचलेल्या टाकीत प्रत्यक्ष साठा त्याहून बराच कमी असतो.

प्राणवायू कमी पडला की मुळांची पाणी ओढण्याची ताकदच घटते. पाण्यात उभे रोप सुकते ते यामुळे. त्यातच उन्हाळ्यात टाकीतले पाणी भराभर उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणजे द्रावण आपोआप दाट झालेले असते. अशा वेळी आणखी खत घालणे म्हणजे दुखण्यात भर घालण्यासारखे. तिथे साधे पाणी वाढवायला हवे.

दमलेल्या मुळांवर मग पायथियम चाल करून येतो. हा बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. नात्याने तो तपकिरी शैवालांना जवळचा. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यामुळे एका रोपाची कूज सगळ्या टाकीत पसरायला वेळ लागत नाही. त्याची अफॅनिडर्मॅटम ही जात तर तिशीच्या पुढच्या पाण्यात विशेष फोफावते. पांढरी मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात, कुजका वास येतो. पेरॉक्साइडने वरवर फरक दिसतो, पण ते लवकरच विघटित होऊन जाते आणि पाणी 31 अंशांवरच राहिले तर कूज परत येते. मग दुसरा डोस, तिसरा डोस.

याच कुळातली पायथियम इन्सिडिओसम ही जात माणसाच्या डोळ्याच्या पारपटलात शिरते आणि दृष्टी घालवू शकते. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. भाजीची मुळे कुजवणारी जात ती नव्हे, तेव्हा भीतीचे कारण नाही. टाकीत घातलेले हात न धुता डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालू नयेत, एवढे मात्र पाळावे.

पाणी किती थंड हवे? पालेभाज्यांसाठी 18 ते 22 अंश उत्तम मानले जाते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची लेट्यूसविषयीची मार्गदर्शिका 25 अंश ही वरची मर्यादा धरते. सिंगापूरच्या दमट उष्ण हवेत तर संशोधकांनी वरची हवा गरमच ठेवून फक्त मुळांचा भाग 20 अंशांच्या आसपास राखला आणि थंड प्रदेशातले लेट्यूस वाढवून दाखवले. पाने उकाडा बऱ्यापैकी सोसतात, मुळांचा परिसर गार हवा, असा त्याचा अर्थ. थंडीत उलटा प्रश्न क्वचित येतो. नाशिककडे रात्री पाणी 15 अंशांखाली गेले तर वाढ मंदावते आणि फॉस्फरस नीट शोषला जात नाही. टाकी जमिनीवरून उचलून पाटावर ठेवली तरी पुष्कळदा भागते.

उन्हाळ्यात पाणी गार ठेवण्यासाठी विकतचा चिलर हा शेवटचा उपाय असावा. टाकीवर ऊन येऊ न देणे, ती बाहेरून पांढरी करणे आणि आकाराने मोठी घेणे हे आधीचे. पाच लिटरची टाकी दुपारी तासाभरात तापते, पन्नास लिटरची संध्याकाळपर्यंत तग धरते. पाण्यात बुडवलेला पंपही आतून शेगडीचे काम करतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. 15 वॅटचा पंप चोवीस तासांत इतकी उष्णता देतो, की ती सारी आतच राहिली तर 20 लिटर पाणी 15 अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच बाहेर निघून जाते. पण हौसेने टाकीभोवती थर्माकोल गुंडाळणारे तिची तीच वाट बंद करतात. मुळे पाण्यातच राहतात अशा रचनेत हा पंप टायमरवर चालवावा आणि हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा पंप मात्र सतत चालू ठेवावा.

एक लिटरची गोठवलेली बाटली 20 लिटर पाणी जवळपास पाच अंशांनी उतरवते. बर्फ बाटलीतच ठेवावा, सुटा टाकू नये. टाकीला ओले गोणपाट गुंडाळणे हा माठाचाच न्याय. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो झकास चालतो, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र फारसा उपयोगी नाही.

मातीविना वाढलेली भाजी म्हणजे निर्जंतुक भाजी, असा प्रचार सर्रास चालतो. तो खरा नाही. 2021 मध्ये अमेरिकेत हरितगृहात पाण्यावर वाढवलेल्या पाकीटबंद सॅलडमुळे साल्मोनेलाची साथ आली आणि 31 जण आजारी पडल्याची नोंद झाली. घरातल्या टाकीत जंतू येतात ते न धुतलेल्या हातांवरून, कबुतरांच्या विष्ठेतून, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यातून. आणि कोमट, ओशट पाण्यात त्यांना वाढायला वाव मिळतो. मुळे बुळबुळीत झालेल्या टाकीतली पाने कच्ची खाऊ नयेत. गरोदर स्त्रिया, कर्करोगावर उपचार घेणारे आणि अवयव-प्रत्यारोपण झालेले यांनी तर नाहीच. टाकी रिकामी करून घासावी, रोपे फेकून द्यावीत. दहा-बारा रोपांचा मोह तेवढा मोठा नसतो.

रसायनांच्या साठवणुकीबद्दल मात्र सौम्य बोलून चालणार नाही. तीव्र पेरॉक्साइड आणि पीएच उतरवणारे आम्ल थंडपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलेले असते. मूल ते सरबत समजून पिते, अन्ननलिका भाजते आणि पुढे महिनोन्महिने नळीने दूध द्यावे लागते. टाकीतले पाणी आधी गार ठेवले तर यातले पेरॉक्साइड घरात आणायची गरजच सहसा पडत नाही. आम्ल लागलेच, तर मूळच्या बाटलीत, कुलपात.

झाकण नसलेली टाकी हे डेंग्यूच्या एडिस डासाचेही घर होऊ शकते. उन्हाळी तापमानाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे तपासताना ही टाकीही आठवड्याला एकदा तपासावी. झाकणाच्या फटी आणि रिकामी राहिलेली भोके बंद करावीत. त्याने ऊन आणि शेवाळही अडते.

आणि एप्रिलमध्ये लेट्यूसचा हट्ट कशाला? त्या दिवसांत ते तसेही दांडा काढते आणि कडू होते. एका सॅलडसाठी खोलीतला एसी दिवसभर चालवणे परवडणारेही नाही आणि शहाणपणाचेही नाही. लाल माठ, तुळस, पुदिना कोमट पाणी बरेच अधिक सोसतात. लेट्यूसचे बी डब्यात बंद करून ठेवावे. दिवाळीनंतर टाकीतले पाणी सकाळी आणि दुपारी मोजावे, दोन्ही वेळा पारा 25 च्या खाली राहू लागला की पेरावे.