लाल डोळा, आखडलेली कंबर

पंचविशीतला मुलगा. सकाळी उठल्यावर तासभर कंबर सरळ होत नाही. चालायला लागलं की बरं वाटतं, पडून राहिलं की दुखणं वाढतं. त्याला ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून पट्टा आणि विश्रांती दिली जाते. पुढे कधीतरी त्याचा एकच डोळा लाल होतो, आतून ठणकतो, उजेड सोसवत नाही. डोळे आले असतील म्हणून तो मेडिकलमधून थेंब आणतो. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच असू शकतं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवातात किमान एक चतुर्थांश रुग्णांना कधी ना कधी युव्हायटिस होतो, म्हणजे डोळ्याच्या आत सूज येते. एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेलं मणक्याचं नातं १९७३ सालीच उघड झालं, डोळ्याचंही त्याच वर्षी. तरी आपल्याकडे कंबर एका डॉक्टरकडे आणि डोळा दुसऱ्याकडे, हे चालूच आहे.

डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, खाज सुटते. युव्हायटिसमध्ये चिपडं नसतात. दुखतं आणि धूसर दिसतं. उपचार लांबले तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते. मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याला सूज हे त्यापुढचे धोके. वेळेवर स्टेरॉइडचे आणि बाहुली मोठी करणारे थेंब सुरू झाले, तर बहुतेकांची नजर शाबूत राहते. मात्र मागच्या वेळची उरलेली बाटली स्वतःच्या मनाने वापरू नये. लाली हर्पिसच्या विषाणूमुळे असेल, तर तेच स्टेरॉइड बुबुळाचं नुकसान करतं.

डब्लिनमधल्या २०१५च्या एका अभ्यासात, कारण न सापडलेल्या युव्हायटिसच्या सुमारे ४० टक्के रुग्णांना निदान न झालेला मणक्याचा संधिवात निघाला. म्हणून नेत्रतज्ज्ञाने ‘सकाळी कंबर आखडते का?’ हे विचारलंच पाहिजे, आणि संधिवाततज्ज्ञाने डोळ्याबद्दल. संधिवातासाठी इंजेक्शन निवडतानाही ही माहिती लागते: इटॅनरसेप्ट या औषधाने कंबरेला गुण येतो, पण डोळ्याला ॲडॅलिम्युमॅब या दुसऱ्या औषधाइतकं संरक्षण मिळत नाही.

तुम्हाला किंवा घरात कुणाला मणक्याचा हा संधिवात असेल आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, तर चोवीस तासांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता कंबरेचं दुखणं सांगा.